राजवीरची कॉमेंट्री

दसरा झाला की आमच्या धंद्यात सुगी सुरू होते. खंडेनवमीला अख्खं कोल्हापूर आपापली हत्यारं धुऊन-पुसून पूजतं. त्याला माझी ना नाही. मीसुद्धा माझे स्क्रूड्रायव्हर आणि सोल्डरिंग गन ओळीनं मांडून हळदकुंकू वाहते. पण बेतानं. लोकांना बेतानं जमत नाही. पेनड्राइव्हच्या खाचेत कुंकू जातं, कीबोर्डच्या बटणांत अक्षता रुततात, प्रिंटरवरच नारळ फोडणारे महाभागही मी पाहिलेत. आणि दुकानात आल्यावर सगळ्यांचं पालुपद एकच, "काय केलं न्हाय ओ मॅडम, आपोआप बंद पडलं." म्हणजे नारळाचं पाणी स्वतः चालत आत गेलं.

माझं नाव तेजस्वी. राजारामपुरीत एका बेकरीच्या वर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जिना उभा आणि जीभ तिखट, असं गिऱ्हाइकं माझ्याबद्दल म्हणतात, तरी येतात. कारण मी खोटं सांगत नाही. गेलं ते गेलं म्हणते आणि कुणामुळं गेलं तेही तोंडावर सांगते. त्याचा मला थोडा माजही आहे.

त्या दिवशी दुकान उघडून मी नुकती झाडलोट केली होती, तेवढ्यात जिन्यात धाप ऐकू आली. आधी स्वच्छ पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं कॅबिनेट वर आलं, मग ते पोटाशी धरलेला साठीचा उंच माणूस, आणि त्याच्या मागून गुडघ्यावर हात रेटत एकेक पायरी चढणारी बाई. कॅबिनेट म्हणजे तो लोखंडी खोका, ज्याला सगळे सीपीयू म्हणतात. सीपीयू ही आतली एक चिप असते हे सांगून मी दमले आहे.

"उद्यमनगरातनं आलोय," माणूस म्हणाला. "बाळासो माझं नाव. लेथवर लोखंड कातायचं काम करतो, घराखालीच सोताचा कारखाना हाय बारका. ही आमची मंडळी, झुंबरबाई. हे चालू हुईना झालंय."

"कुणी काय केलंय याला?"

"आमच्या राजवीरचं हाय," बाई म्हणाल्या.

"मग राजवीरलाच पाठवायचं की," मी टॉवेल सोडता सोडता म्हणाले. "तुम्हाला विचारून मला काय कळणार? आजकालची पोरं आईबापांना पुढं करतात आणि आपण घरी बसतात."

झुंबरबाईंनी सुटलेल्या टॉवेलाची घडी घातली. मग बाळासोच म्हणाले, "त्यो न्हाय आता."

जीभ चावावी असं मला क्वचित वाटतं. त्या दिवशी वाटलं. मी दोघांना स्टूल दिलं, पाणी दिलं.

राजवीर उन्हाळ्यात हायवेवर अपघातात गेला होता. मोटरसायकलला मागून टेम्पोची धडक बसली. खिशातल्या मोबाइलचाही चुरा झाला. एकुलता एक, पंचविशीचा. झुंबरबाईंनी हे सगळं सरळ आवाजात सांगितलं. हे सांगायची त्यांना सवय झाली असावी.

पोराला नाद होता कॉमेंट्रीचा. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. पेठांचे संघ, तालमींचे संघ, मॅच असली की दुपारपासून गल्ल्या ओस. राजवीर लहानसहान स्पर्धांना लाउडस्पीकरवर बोलायचा. घरी सराव करायचा. कॉम्प्युटरवर मॅच लावायची, तिचा आवाज बंद करायचा आणि माइकवर आपण बोलायचं. ते सगळं तो साठवून ठेवायचा, असं त्याचा मित्र विश्वजित यानं आता इतक्या महिन्यांनी आईबापांना सांगितलं होतं. लावून देतो म्हणून तो परवा घरी आला, तर मशीन चालूच होईना. त्यानंच त्यांना माझा पत्ता दिला होता.

"कुणाच्या मोबाइलवर नाही का त्याचं बोलणं?" मी विचारलं.

"मैदानावरचं हाय दोघातिघांकडं," बाळासो म्हणाले. "पर त्यात निसत्या शिट्ट्या ऐकू येत्यात. त्याचा शबुद एक कळत न्हाय."

झुंबरबाई पुढं वाकल्या. "फोटू हायत. फोटू लई हायत. आवाज न्हाय. आनी ताई, त्यो मला आठवंना झालाय. काल गॅसपुढं बसून आठवाया बगितलं, तर इश्वजितचाच आवाज यायला लागला कानात. तेवढा ऐकवा. एकदाच असला तरी चालंल."

मी स्क्रूड्रायव्हर उचलला.

बाजूचं झाकण काढलं आणि बघतच राहिले. इतकं स्वच्छ मशीन माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं. कोल्हापुरातल्या कॅबिनेटमध्ये धूळ असते, झुरळं असतात, एकदा तर पाल निघाली होती. इथं धुळीचा कण नव्हता. पंख्याची पाती नव्यासारखी. प्रत्येक कनेक्टरच्या वायरीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला, म्हणजे उघडताना खुणा करून ठेवल्या होत्या आणि बसवताना जिथलं तिथं बसवलं होतं.

"हे कुणी साफ केलं?"

"मीच की," बाळासो म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "खंडेनवमीला. आवंदा आमच्यात सण न्हवता. घटबी बशिवलं न्हाईत. पर मशीनची पूजा आपन कधी चुकवत न्हाय."

"झकास केलंय," मी म्हणाले. आणि हे मी सहसा कुणाला म्हणत नाही.

झुंबरबाई उठून टेबलाजवळ आल्या. मी एकेक भाग तपासत होते आणि त्या प्रत्येकाकडं बोट दाखवून विचारत होत्या.

"ह्यात हाय का त्यो?"

"नाही मावशी. हा पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घेतो आणि सगळ्यांना वाटतो."

"मग ह्यात?"

"हा मदरबोर्ड. सगळे ह्याच्यावरच बसतात. ह्याच्यात काही साठत नाही."

रॅमची पट्टी काढून मी तिचे सोनेरी दात बघितले, तेही लख्ख होते. "ह्याच्यात आठवण असते," मी म्हणाले, "पण वीज असेपर्यंतच. बटण बंद केलं की पाटी कोरी."

"मग ऱ्हातंय तरी कुठं?"

मी खालच्या कप्प्यातला हार्ड डिस्कचा डबा दाखवला, तळहाताएवढा. "ह्याच्यात. वीज गेली तरी ह्याच्यातलं जात नाही."

त्यांनी त्या डब्यावर हात ठेवला आणि काढला नाही. मला मागच्या केबल बघायच्या होत्या, पण मी थांबले.

मशीन सुरू होत होतं, स्क्रीन लागत होता, पण डिस्क दिसत नाही असा निरोप येत होता. नव्वद टक्के वेळा ही केबलची भानगड असते, म्हणून मी नवी डेटा केबल लावली, पॉवरचा दुसरा कनेक्टर लावला. बटण दाबलं. डबा फिरल्याचा बारीक सूर आला आणि मग आतून खट्. खट्. खट्.

"बोलतंय की," झुंबरबाई म्हणाल्या.

मी पटकन बटण बंद केलं. तो आवाज मला चांगला माहीत आहे. "उद्या या," मी म्हणाले. "मला नीट बघू दे."

ते गेल्यावर मी डिस्क खिडकीपाशी नेली. त्यावर कंपनीची चिठ्ठी असते, उघडू नये म्हणून बजावणारी. ती कुणीतरी अगदी न फाडता उचलून परत चिकटवली होती. सहाही स्टार स्क्रूंच्या डोक्यांवरचा काळा रंग कडेला उडाला होता. हे स्क्रू साध्या पान्यानं निघत नाहीत आणि न निघण्यासाठीच तसे केलेले असतात. मी माझ्या पान्यानं ते काढले. झाकण उचललं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला.

आतल्या चकतीवर तेलाचा पातळ थर होता. झाकणाच्या आतल्या बाजूला, बरोबर मधोमध, हळदकुंकवाचं बोट. आणि चकतीवर गोल, खोल ओरखडे, एकात एक, कडेपासून मध्यापर्यंत.

मी शिवी घातली. मोठ्यानं घातली, खाली बेकरीत ऐकू गेली असेल. मग फोटो काढून पुण्यात डिस्कमधली माहिती परत काढून देणाऱ्या ओळखीच्या माणसाला पाठवले. त्याचा लगेच फोन आला. "कुणी पुसली ही?" तो म्हणाला. "पाठवू नकोस. ह्याच्यात काही उरलेलं नाही." मी दोनदा विचारलं. त्यानं दोनदा तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाळासो एकटेच वर आले. "तिला खालीच बसवलंय बेकरीत. गुडघं धरल्यात कालच्या जिन्यानं. सापडला काय?"

रात्रीपासून मी त्यांच्यासाठी चांगली खरडपट्टी तयार ठेवली होती. "मामा, ही डिस्क कुणी उघडली?"

"मीच उघडलीती." लपवाछपवी काही नाही, उलट आवाजात कौतुक. "त्या स्क्रूचा पाना कुठं गावंना, मग अ‍ॅलन कीचा सहाकोनी पाना घासून केला. आदी पंख्याला तेल दिलं. मग म्हटलं, ह्यातबी कायतर फिरतंय. लावल्यावर आवाज यायचा न्हवं त्याचा? फिरतंय तिथं तेल पायजेच, न्हायतर झिजंल. उघडलं तर आत आरसा. ताई, चाळीस वर्षं लेथवर काढली, पर असलं फिनिशिंग जल्मात बगितलं न्हाय. त्येच्यावर माझ्या बोटाचा डाग उठला. मग मलमलनं हळू पुसला, पातळ तेल दिलं, परत हुतं तसं बशिवलं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. तो असता तर बरं झालं असतं, रागात बोलणं सोपं असतं. मी डिस्क त्यांच्या पुढं ठेवली आणि झाकण काढलं. सांगितलं की मामा, त्या आरशावरच सगळं लिहिलेलं असतं, डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक. ही जी सुईसारखी दांडी आहे, तिच्या टोकाला हेड असतं. चकती फिरते तेव्हा ते तिच्यावरून तरंगत जातं, टेकत नाही. टेकलं तर संपलं.

"गॅप किती?"

"एका मायक्रॉनचे शंभर भाग केले तर त्यातला एखादा."

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही. लेथवाल्याचं आयुष्य त्यातच जातं. त्यांनी डिस्क उचलली, खिडकीच्या उजेडात तिरकी धरली, जरा फिरवली. रोजचं हत्यार ओळखावं तसं त्यांनी ओळखलं.

"ह्यो टूलचा मार्क हाय," ते म्हणाले. "लेथवर फिरत्या लोखंडाला टूल टेकल्याबिगर असा वळ उठत न्हाय. तेल चिकटून हेड खाली बसलं, आनी इश्वजितनं बटन दाबल्यावर वरनं खालपतूर सोलत गेलं." मग डिस्क सरळ करून, "त्यानं दाबलं, पर केलं मीच."

मी होय म्हणाले.

त्यांनी डिस्क खाली ठेवली. हात टॉवेलला पुसले, काही लागलेलं नसताना. "पुन्यामुंबैला कुठं?"

"विचारलं मामा. नाही होणार."

"बरं." ते दाराकडं बघत होते. "एक करा. तिला सांगू नका. ह्या पोराच्या बोलन्यावरनं आमचं दोगांचं लई वाजलंय. मी म्हनायचो, बडबड करून प्वाट भरत न्हाय, लेथवर हुबा ऱ्हा. ती त्याची बाजू घ्यायची. आता तिला कळलं की तेवढंबी मीच घालवलं, तर ती माझ्याशी बोलायची न्हाय. घरात आमी दोगंच हाय आता."

"मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही," मी म्हणाले. सवयीनं म्हणाले, आणि म्हणताक्षणी मला माझा वीट आला.

त्यांनी पुन्हा विनवलं नाही. आणि तेवढ्यात जिन्यात पाऊल वाजलं. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. झुंबरबाईंना खाली धीर निघाला नव्हता. मी डिस्कवर झाकण ठेवलं. त्या दारात आल्या, चौकट धरून उभ्या राहिल्या.

"गावला व्हय त्यो?"

बाळासो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"मावशी," मी म्हणाले, "डिस्क जुनी झाली होती. आपोआप गेली."

त्या आत येऊन स्टुलावर बसल्या. पदरानं मान पुसली. रडल्या नाहीत. "म्हंजे कुनी काय केलं न्हाय."

"नाही."

"त्याच्या नशिबातच न्हवतं म्हनायचं." त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. "एक बरं झालं. खंडेनवमीला तुमी हे खाली कारखान्यात आनलंसा, लेथच्या शेजारी पाटावर मांडलंसा. जित्ता हुता तवर ह्येला तुमी कधी हत्यार म्हटलं न्हाई. खेळनं म्हनायचासा. त्या दिवशी त्याच्या हत्याराला लेथबरोबर कुकू लागलं. दारातनं बगत हुते मी. एवढं जपून पुसत हुतासा, जनू त्यालाच आंगोळ घालताय. मला वाटलं, आता त्यो बगत असला तर त्याचं मन निवलं असंल. आवाज न्हाय तर न्हाय. मला तेवढं पुरं हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. ते कुणी बघतही नव्हतं. बाळासोंचा चेहरा मला बघवेना. शिव्या खायला तयार असलेल्या माणसाला असं काही ऐकायला मिळालं की त्यानं करायचं काय?

"झुंबर," ते म्हणाले. "तसं न्हाय."

"काय न्हाय?"

"मामा, राहू दे," मी म्हणाले. खरं सांगते, मी त्यांना थांबवू बघत होते. खोटं न बोलणारी मी.

त्यांनी मला हातानंच गप्प केलं. झाकण उचललं आणि डिस्क झुंबरबाईंच्या पुढ्यात ठेवली. "हे पुसायचं न्हवतं. ह्या आरशावरच त्याचा आवाज हुता. त्या दिवशी मी पुसला त्यो. आपोआप काय गेलं न्हाय. ही पोरगी माझ्यासाठी खोटं बोलली."

झुंबरबाई वाकून बघू लागल्या. त्या चकतीत त्यांचा चेहरा दिसत असावा, ओरखड्यांमधून. खाली बेकरीत कुणीतरी पाव मागत होतं, सुटे पैसे नाहीत म्हणून वाद चालला होता. मला वाटलं आता ही बाई किंचाळेल, कपाळ बडवून घेईल, नवऱ्याला बोलेल. मी तिला अडवणार नव्हते.

"ह्याच्यावर हुता?" त्यांनी मला विचारलं.

"होय मावशी."

"सगळा?"

"होय."

त्यांनी बोट पुढं नेलं, पण चकतीला लावलं नाही. आता लावलं असतं तरी काही बिघडणार नव्हतं. मग त्या रडल्या. आवाज न करता, तोंडावर पदर धरून, खांदे हलत होते तेवढंच. बाळासो त्यांच्या शेजारी उभे होते. बायकोला हात लावावा की नाही हे त्यांना समजत नव्हतं. हात उचलायचे, परत खाली घ्यायचे.

बऱ्याच वेळानं त्यांनी पदर खाली घेतला. वाटलं तसा आवाज चढलेला नव्हता. त्यात राग शोधून मला सापडला नाही, आणि तेच मला सोसेना.

"असू दे," त्या म्हणाल्या. "चांगलं करायला गेलासा. आता एक करा. तुमीच म्हना."

"काय म्हनू?"

"त्यो गोल झाल्यावर काय म्हनायचा ते. लांबलचक कायतर म्हनायचा, एका दमात, आनी शेवटाला वर चढवायचा. मी आपली सैपाकघरात, भांड्यांच्या आवाजात. मला सूर ऐकू यायचा, शबुद कळायचं न्हाईत. तुमी त्याच्या खोलीच्या बरोबर खाली असायचासा, कारखान्यात. वरचं सगळं खाली ऐकू येतंय. तुमच्या कानावर रोज पडलं असंल. तसंच नगं, तुमच्या आवाजात चालंल. मला निस्तं शबुद पायजेत."

बाळासोंनी तोंड उघडलं. ओठ हलले. मी खरोखर वाट बघत होते, मलाही ते ऐकायचं होतं. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा प्रयत्न केला, मानेची शीर ताठ झाली.

"म्हना की," झुंबरबाई हळू म्हणाल्या.

"मला ठावं न्हाय गं," ते म्हणाले. "त्यानं वर सुरू केलं की मी खाली लेथ चालू करायचो."